पासवर्ड पाटीवर, संशय अमेरिकेवर

जालन्याच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. मोंढ्यात बियाणं-खताचं दुकान, मागे गोदाम. बिलिंगचा कॉम्प्युटर, खताचं पॉस मशीन, सहा कॅमेरे आणि घरच्यांचे मोबाइल, सगळं एकाच वायफायवर. पुण्यात सायबरचा कोर्स करणारा भाचा दिवाळीला आला आणि म्हणाला, "मामा, वायफायचं कुलूप कधीच फुटलंय, आणि ही भोकं अमेरिकेच्या एजन्सीनं मुद्दाम ठेवलीत. सगळं काढा, वायर टाका." भाऊ विचारतात, यात खरं किती, आणि वायरिंगवर चाळीस-पन्नास हजार घालावेत का?

भाचा खोटं बोलत नाहीये. पण त्यानं दोन वेगळी जनावरं एकाच दाव्याला बांधलीत. वायफायच्या मानकांत भोकं कशी पडली आणि कुणी पाडली, हा एक प्रश्न. तुमच्या दुकानात उद्या कुणी शिरलं तर कुठून शिरेल, हा दुसरा. पहिला वाचायला मजेशीर आहे, दुसऱ्यावर तुमचे पैसे अवलंबून आहेत. मी लातूरला एकोणीस वर्षं नेटवर्किंगची कामं करतोय: दवाखाने, क्लासेस, अभ्यासिका, अडत दुकानं, पतसंस्था. तुमचं दुकान मी पाहिलेलं नाही. राउटर किती जुना, दुकानाच्या वर-शेजारी कोण राहतं, गोदाम किती लांब, यावर बरंच ठरतं, तेवढं धरून वाचा.

आधी भाच्याचा मुद्दा, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही.

वायफायचं पहिलं मानक १९९७ सालचं. त्यातल्या कुलपाचं नाव वेप. त्याची किल्ली ४० बिटांची, म्हणजे शून्य-एकाच्या चाळीस खुणांची. हा ४० आकडा कुठून आला? अमेरिकेत तेव्हा मजबूत कूटलेखन (मजकूर कुलूपबंद करायची विद्या) परदेशी विकायला बंदी होती, ४० बिटांपर्यंतचं मात्र सहज सुटायचं. एकच माल जगभर विकायचा तर किल्ली आखूडच ठेवावी लागणार. म्हणजे इथे कमजोरी मुद्दाम होती, हे भाच्याचं बरोबर. फक्त ती चोरून ठेवलेली नव्हती, सरळ निर्यात कायद्यात लिहिलेली होती.

पण गंमत अशी की वेप बुडालं ते आखूड किल्लीमुळे नाही. किल्ली पुढे १०४ बिटांची केली, तरीही ते बुडालंच. कारण पावतीबुकासारखं आहे. वेपमध्ये डेटाच्या प्रत्येक पाकिटाला एक क्रमांक लागतो, आणि किल्ली अधिक क्रमांक मिळून त्या पाकिटाचं कुलूप तयार होतं. हा क्रमांक २४ बिटांचा, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ पावत्या. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण गजबजलेल्या राउटरवर काही तासांत बुक संपतं आणि तेच क्रमांक परत येतात. एकाच क्रमांकाची दोन पाकिटं सापडली आणि ती एकमेकांतून वजा केली, की कुलूप आपोआप गळून पडतं आणि हातात दोन्ही संदेशांचा फरक उरतो. त्यात भर म्हणून २००१ मध्ये फ्लूरर, मांटिन आणि शामिर या तिघांनी दाखवलं की वेपनं आतला आरसी-४ हा सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करायचं गणित, ज्या पद्धतीनं वापरलाय, त्यातून किल्लीच हळूहळू बाहेर पडते. २००७ पर्यंत १०४ बिटांची किल्ली काढायला एक मिनिटही लागेनासं झालं.

पावतीबुक छोटं ठेवायला कुणी सांगितलं होतं का? माझ्या मते नाही. कूटलेखनाच्या जाणकारांनी उघडपणे तपासल्याशिवाय, इंजिनीयर लोकांनी घाईत मंजूर केलेलं ते काम होतं. एजन्सीला ४० बिट पुरेसे होते. पावतीबुकाची चूक तिला फुकटात मिळाली.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे वेप आपल्याकडे प्रत्यक्षात कसं तुटायचं ते कळेल. ४० बिटांची किल्ली राउटरमध्ये भरताना बरोबर दहा अक्षरं लागायची, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ. ना एक कमी, ना एक जास्त. आपला मोबाइल नंबर किती आकडी? दहा. त्यामुळे त्या काळात आम्ही सगळे इन्स्टॉलवाले डोळे झाकून मालकाचा मोबाइल नंबर टाकायचो. गिऱ्हाईक विसरत नाही, आम्हाला परत फोन येत नाही. २०१० च्या सुमारास गंजगोलाईजवळच्या एका कापड दुकानदाराचं बिल अचानक वाढलं. तेव्हा प्लॅन मोजून मिळायचे. रात्री नऊला शटर पाडून मी आत लॅपटॉप घेऊन बसलो, तर राउटरच्या यादीत दोन अनोळखी मशीन. वरच्या मजल्यावर क्लासला आलेली पोरं भाड्यानं राहायची. विचारलं तर एक पोरगं अगदी निरागसपणे म्हणालं, "काका, पाटीवर नंबर आहे की." शामिरसाहेबांची गरजच पडली नाही. चूक माझी होती, दुकानदाराची नाही. त्या महिन्याच्या जादा बिलातला अर्धा भाग मी भरला.

पुढची पायरी डब्ल्यूपीए-२, २००४ ची. आज बहुतेक दुकानांत हीच आहे, आणि तिचं मूळ कुलूप, एईएस, अजूनही शाबूत आहे. भाचा जे "फुटलंय" म्हणतो ते बहुधा २०१७ चं क्रॅक प्रकरण. बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठातल्या मॅथी वानहोफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ते शोधलं. मोबाइल राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. तिसरा निरोप पोचला नाही असं वाटलं तर राउटर तो परत पाठवतो. आणि परत आला की मोबाइल तीच किल्ली पुन्हा बसवून पावतीचा क्रमांक शून्यावर न्यायचा. झालं, परत तेच पावतीबुक, परत तेच क्रमांक. या चार निरोपांची पद्धत सुरक्षित असल्याचं गणिती पद्धतीनं आधी सिद्धही झालं होतं. पण किल्ली दुसऱ्यांदा बसवली तर काय होतं, हा प्रश्न त्या सिद्धतेनं विचारलाच नव्हता. मला विचाराल तर कारस्थानापेक्षा हे जास्त धडकी भरवणारं आहे.

क्रॅकवर इलाज सॉफ्टवेअर अपडेटचा होता आणि तो मुख्यतः मोबाइल-कॉम्प्युटरच्या बाजूनं होता. अपडेट न येणारे जुने अँड्रॉइड फोन तसेच राहिले. शिवाय हल्लेखोर तुमच्या सिग्नलच्या टप्प्यात असायला लागतो, आणि बँकेचं पान तर वायफायच्या आत आणखी एका कुलपात असतं. म्हणून क्रॅक ऐकून झोप उडवायची गरज नाही. याच वानहोफनं २०२१ मध्ये आणखी बारा दोष मांडले. त्यातले तीन मानकाच्या आराखड्यातलेच होते आणि काही तर पार १९९७ पासूनचे. चोवीस वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मग मुद्दाम ठेवलेलं भोक असतं तरी कसं? याची खरी उदाहरणं वायफायच्या शेजारच्या गल्लीत, म्हणजे मोबाइल आणि वायरलेस सेटमध्ये सापडतात. जुन्या टू-जीवर इंटरनेट चालवणाऱ्या जीपीआरएसमध्ये जीईए-१ नावाचा सायफर होता. कागदावर किल्ली ६४ बिटांची. २०२१ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी तो उकलून दाखवलं की प्रत्यक्षात ताकद ४० बिटांचीच आहे, आणि अशी घडण योगायोगानं जमणं जवळपास अशक्य. परत तेच ४०! युरोपच्या मानक संस्थेनंही सांगितलं की त्या वेळच्या निर्यात नियमांत बसावं म्हणून तो तसा केला होता. २०२३ मध्ये डच संशोधकांनी पोलीस वगैरे वापरतात त्या टेट्रा वायरलेसमधला टीईए-१ उघडला. तिथे सांगायची किल्ली ८० बिटांची, आत गेल्यावर ३२ ची. दोन्ही सायफर गुप्त ठेवलेले होते. म्हणून ही गोष्ट बाहेर यायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

आणि याच्या उलटही घडलंय, ते भाच्याला जरूर सांगा. डीईएस हा अमेरिकेचा जुना सायफर १९७७ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या तक्त्यांमध्ये एनएसएनं, म्हणजे भाचा म्हणतो त्या अमेरिकेच्या गुप्तहेर एजन्सीनं, हात घातल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पंधरा-वीस वर्षं लोक म्हणत होते की तक्त्यांतच चोरदरवाजा आहे. १९९० च्या सुमारास बिहाम आणि शामिर यांनी हल्ल्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा कळलं की ते तक्ते नेमके त्याच हल्ल्याला तोंड देतील असे बसवले होते. डीईएस बनवणाऱ्या आयबीएमच्या माणसांना ती पद्धत १९७४ पासून ठाऊक होती, फक्त तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे ज्याच्यावर संशय तो भाग मजबूत निघाला. किल्ली मात्र ५६ बिटांचीच, आणि १९९८ मध्ये एका खास यंत्रानं ती ५६ तासांत काढली.

म्हणून मी स्वतः एक साधी खूण वापरतो. कमजोरी बरोबर एखाद्या कायद्याच्या आकड्यावर येऊन थांबत असेल, तर हेतूचा संशय घ्यावा; आराखडाही कुलूपबंद असेल तर जास्तच. कमजोरी वेडीवाकडी, कुणाच्याच सोयीची नसलेली आणि उघड्या कागदावर असेल, तर ती बहुधा कमिटीची घाई. क्रॅक दुसऱ्या गटात. वेपची किल्ली पहिल्या गटात, वेपचं पावतीबुक दुसऱ्यात.

डब्ल्यूपीए-२ च्या पुढची पायरी डब्ल्यूपीए-३, तिच्याबद्दलही अशी कुजबुज झाली. त्यातली हात मिळवण्याची, म्हणजे जोडताना ओळख पटवण्याची पद्धत ड्रॅगनफ्लाय नावाच्या प्रोटोकॉलवरून घेतलेली आहे. इंटरनेट मानकांच्या ज्या संशोधन गटात त्याची चर्चा चालू होती, त्याच्या दोन अध्यक्षांपैकी एक जण एनएसएचा नोकर होता. २०१३ च्या अखेरीस, एनएसएची पाळत उघड करणारी स्नोडेनची कागदपत्रं ताजी असताना, त्याला हटवा अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. पुढे २०१९ मध्ये डब्ल्यूपीए-३ मध्ये दोष सापडलेही: गणिताला किती वेळ लागतो त्यावरून पासवर्डाचा अंदाज येत होता. पण या जातीच्या धोक्याबद्दल टीकाकारांनी आधीच उघडपणे बजावलं होतं. चोरदरवाजाचा पुरावा काही मिळाला नाही. माझं मत, मानक करणाऱ्यांना ऐकून न घेण्याची खोड होती. आणि संशय काही एकट्या अमेरिकेवरच नाही. चीननं २००३ मध्ये वापी नावाचं स्वतःचं वायफाय-कुलूप सक्तीचं करायचं ठरवलं, आतला सायफर मात्र गुप्त. मग अमेरिकेनं आरडाओरडा केला आणि २००४ मध्ये सक्ती बारगळली.

आता तुमचं दुकान.

एखादी एजन्सी तुमच्या युरियाच्या बिलांमागे लागली असेल असं मी धरत नाही. तुमच्याकडे येणारा माणूस शेजारचा फुकट्या, कामावरून काढलेला पोऱ्या, किंवा कॅमेऱ्यात डोकावू पाहणारा कुणीतरी असेल. त्याला तीन वाटा ठाऊक असतात.

पहिली डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय: राउटरवरचं ते बटण आणि आठ आकडी पिन. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे राहिली एक कोटी. त्यातही राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि चुकले तर तिथेच सांगतो. म्हणजे पहिल्या भागाचे दहा हजार, दुसऱ्याचे एक हजार. एक कोटीचा हिशोब अकरा हजारांवर आला! २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकानं हे मांडलं, आणि साध्या लॅपटॉपवर काही तासांचं काम उरलं. नंतरच्या राउटरांनी चुकीचे प्रयत्न अडवायला सुरुवात केली, तरी मी अजूनही पहिलं काम हे बटण सेटिंगमधून बंद करण्याचं करतो. सर्व्हिसवाल्यानं राउटर बदलला की ते परत चालू होऊन येतं, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी वाट पासवर्ड. डब्ल्यूपीए-२ मध्ये तुमचा मोबाइल जोडला जाताना ते चार निरोप कुणीही हवेतून टिपू शकतो आणि घरी बसून त्यावर पासवर्ड लावून पाहू शकतो. राउटरला पत्ताही लागत नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड तपासतं. आपले मोबाइल नंबर सहा ते नऊनं सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी. तासाभरात सगळे संपले. आणि भाऊ, तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पासवर्ड "दुकानाचा नंबरच आहे, गिऱ्हाइकांना सांगायला सोपा." अहो, मग तास तरी कशाला! दुकानाचं नाव, पुढे एक-दोन-तीन, हेही तयार याद्यांमध्ये असतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. कडबा, दुरडी, मंगळवार, चिंच असे काही. हेच घेऊ नका, इथे छापून झालेत. डब्ल्यूपीए-३ चा खरा फायदा हाच आहे: त्यात घरी बसून असं ताडून पाहता येत नाही. राउटरमध्ये सोय असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवा. जुनं पॉस मशीन जोडलं जात नसेल, तर त्याच्यापुरतं वेगळं नाव काढून द्या. मिश्र ठेवल्यावर जुन्या बाजूची कमजोरी राहतेच, म्हणून पासवर्ड लांब हवाच.

तिसरी वाट तर वाटच नाही, चव्हाटा आहे: गिऱ्हाईक, ड्रायव्हर, हमाल, पाहुणे सगळे तुमच्याच बिलिंगच्या नेटवर्कवर. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढायची सोय आता स्वस्त राउटरमध्येही असते. ती वापरा, पासवर्ड महिन्याला बदला. दुसऱ्याचा उद्योग आपल्या दारात कसा येतो ते २००८ मध्ये दिसलं. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात गेले.

वायरिंगचं म्हणाल तर भाच्याचं निम्मं ऐका. जे जागचं हलत नाही ते वायरीवर, जे हातात फिरतं ते वायफायवर. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे वायरीवर घ्या. कॅमेऱ्याच्या बाबतीत कारण फक्त चोरी नाही. एका स्वस्त यंत्रानं वायफाय थोडा वेळ आंधळं करता येतं, आणि वायफायवरचा कॅमेरा नेमका हवा त्या वेळी झोपतो. बाकी सगळं वायरीवर न्यायची गरज मला दिसत नाही, त्यामुळे खर्च निम्म्याच्या खाली यावा. पण बियाण्याचं गोदाम म्हणजे उंदीर आलेच. मी उदगीरला एका गोदामात उघडी केबल टाकली होती, दीड महिन्यात तीन ठिकाणी कुरतडली. प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीलाही ते दात लावतात. गोदामाच्या भागात लोखंडी पाइप घ्या, तोंडं बुजवा, आणि केबल पोत्यांच्या थप्पीमागून न नेता वरून न्या.

मोंढ्यातल्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात, म्हणून बरेच जण राउटर उचलून गॅलरीत लावतात. मग गोदामात सिग्नल येत नाही तो नाहीच, समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र फुल्ल येतो. आत आणा, आणि गोदामात वायरीवरून दुसरा छोटा राउटर द्या.

राउटर सात-आठ वर्षांपेक्षा जुना असेल आणि त्याला अपडेट येणं थांबलं असेल, तर आधी तोच बदला, वायरिंग नंतर. उलट क्रमानं केलंत तर पैसे गेले आणि भोक तसंच. खालच्या स्टिकरचा फोटो इथे टाका, पासवर्ड आणि पिन बोटानं झाकून. मॉडेल पाहून सांगतो ठेवायचा की भंगारात द्यायचा.